चार बाइट

ब्रनोत रात्रीचे दोन. शेवटची ट्राम कधीच गेली.
ब्लाँका होराकोवा कर्नेलकडे पुन्हा तेच मागते
आणि तो, गाभ्यातला इमानी कोठीवाला,
चाळीस बाइटांचा डबा भरून देतो.
छत्तिसांत मागितलेलं सगळं.
उरलेले चार
निव्वळ माप जुळावं म्हणून सोडलेली रिकामी जागा.

रिकामी कसली!
घाईत भांडं न विसळताच पुढं करावं
तसं आधीच्या कुणाचं तरी उष्टं तळाशी.
हजारदा मागितलं. हजारदा काहीबाही,
पत्त्याचा तुकडा, कुणाच्या किल्लीचा एखादा दात,
बहुतेक कचराच.

मग पडद्यावर चार रोमन अक्षरं: राव्क.

लिंडनचा चहा गार.
सकाळी टाकलेल्या पासवर्डचं हे पोट,
डोकं नाही, शेपूट नाही, तरी तिला पुरतं.
दोउब्राव्का.
धाकटी. नऊ वर्षं बोलणं नाही.

दुरुस्ती एका ओळीची:
देण्याआधी डबा शून्यानं पुसून घ्यायचा.
कारणाच्या रकान्यात ती लिहिते,
‘चार बाइट पुसायचे राहिले होते.’
कुणाचे, ते तिथं विचारत नाहीत.

मग पासवर्ड बदलायला बसते,
आणि उजाडेपर्यंत
दुसरं नाव सुचत नाही.