डावा हात

पुन्ता अरेनासच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
माझ्याकडे पोरांचे डावे हात येतात.
उजवा कुणाला नको असतो.
डावा, उपडा, बोटं जराशी फाकवून.
हाडांचं वय त्यावरून वाचतात.

मिलाराय आली त्या दिवशी वारा असा
की बापाने तिला पाठीला धरून आत लोटलं.
खेकड्यांच्या कारखान्यातून तो तसाच आलेला,
रबरी बूट, खारट बाह्या.
कागदावर: सात वर्षं, चार महिने.
बाकीचं त्याने भिंतीकडे बघत सांगितलं.
वर्षात तीनदा बूट घ्यावे लागले.
कपाळावर पुटकुळ्या.
आणि परवा तिची लोकरीची टोपी धुवायला घेतली
तर वास आला –
"माझ्या टोपीसारखा, बाई. पाळी संपवून आलेल्या माणसाचा."
तिची आई असती
तर हे बोलायला तो आला नसता.
आत्या म्हणते, आपल्याकडच्या पोरी अशाच थोराड.
शाळेतल्या बाई म्हणतात, दाखवून घ्या.

पोरगी एवढा वेळ
जिभेने दात हलवत बसलेली.

बाही वर केली तर मनगटावर
निळ्या बॉलपेनचं घड्याळ.
पट्टा, पट्ट्याची भोकं, चावी,
काटे तीन वाजून दहावर.
"पुसू?"
नको. शाई उमटत नाही त्यात.
"मग काय उमटतं?"
हाडं.
"आणि हाडांत काय असतं?"
मी म्हटलं, हलू नकोस.

पडद्यावर मनगटाचे खडे आले,
पेरांच्या टोकांशी बारीक काळ्या फटी.
वय सांगणं माझं काम नाही.
अठरा वर्षं हातच बघतेय फक्त.
नाव झाकून कुणी विचारलं असतं
तर दहा म्हटलं असतं मी.

"थोपवता येतं म्हणे," तो म्हणाला.
सुई असते. डॉक्टरांना विचारा, गुरुवारी.
"येतं का, ते नाही विचारत मी.
थोपवावं का?"

यंत्राचा पंखा चालू होता.
मी पट्ट्यावरचा कागद बदलला.

कोट चढवता चढवता दात पडला.
तिने तो तळहातावर ठेवून आधी मला दाखवला, मग त्याला.
उंदराला द्यायचाय, हरवू नको, म्हणाली.
त्याने सगळे खिसे चाचपले,
शेवटी हातमोज्याच्या अंगठ्यात सारला
आणि मोजा तसाच मुठीत धरला.

बाहेर पाच वाजून गेलेले. अंधार.
तिने मनगट डोळ्यांपाशी नेलं.
"तीन दहा," म्हणाली, "चल, वेळ आहे अजून."