पाठराखीण

डिसेंबरात डंडीला साडेतीनलाच दिवे लागतात.
तळघरातल्या प्रयोगशाळेत मी
काचेच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून बसते,
काळ्या रबरी हातमोज्यांत.
पेटीत प्राणवायू एक टक्का.
पेटीबाहेर मी एकवीस टक्के ओढत असते
आणि फुकटचा म्हणून हिशेब ठेवत नाही.

तबकडीच्या तळाशी पेशींची साय धरलीय.
पिपेटच्या टोकानं मी तिच्यावर ओरखडा काढते
आणि वहीत लिहिते : शून्य तास.
उद्या बघायचं,
कडेवरून कोण कोण उतरलं त्या रिकाम्यात.

भरल्या हवेत फारशा हलत नाहीत त्या.
हवा काढून घेतली
की बूड सुटतं, पाय फुटतात,
शेजारणीचा धरलेला हात सोडून
निघतात.

श्वास कोंडला की आत घड्या विसकटतात.
प्रथिन म्हणजे शेवटी घडीच :
नीट बसली तर काम, चुकली तर चिंधी.
तेव्हा ती धावते.
लेबलवर तिचं नाव तीन अक्षरं आणि एक आकडा, नव्वद.
मी तिला पाठराखीण म्हणते.

सुलूताईच्या पाठी गोदूमावशी गेली होती कोरेगावला,
पाच दिवसांसाठी.
निऱ्या धरायच्या, डोळे पुसायचे,
कुणाला काय हाक मारायची ते कानात सांगायचं.
सासर कसं आहे हे बघणं तिच्याकडे नव्हतं.
नवरी कोसळू नये, एवढंच.

सुलूताई कोसळली नाही.
अकरा वर्षं कोसळली नाही.

शोना गेडिस सिलिंडर बदलायला येते.
नायट्रोजनच्या नळीला साबणाचं पाणी लावून
बुडबुडा येतो का बघते, डोळे बारीक करून.
दोन वर्षांपूर्वी तिचा डावा स्तन काढला.
ऑगस्टात कण्यात दोन ठिपके दिसले.
‘मग ही तुझी बाई,’ ती पाना फिरवत विचारते,
‘माझ्या बाजूची की त्याच्या?’

बाजू नसते तिला, शोना.
जो पडतो त्याला धरते.
आणि फारच कोंडलं तर उंबरा ओलांडून बाहेर येते,
पेशींमधल्या जाळीचे दोर सैल करवते,
निघणाऱ्याला वाट व्हावी म्हणून.

शोना नळी पुसते.
‘माझी आई तागाच्या गिरणीत होती.
तुटलेला धागा चालत्या चात्यावर जोडायची,
न थांबवता.
पोत्यात पुढे काय भरतील,
साखर की वाळू,
हे तिनं कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.’

चोवीस तास.
पहिल्या तबकडीतला ओरखडा बुजलाय.
कुठून कुठवर होता ते सांगता येत नाही मला,
मीच काढलेला असून.
दुसरीत औषध घातलं होतं, पाठराखिणीचे हात बांधणारं.
तिथं रेघ तशीच आहे, स्वच्छ,
आणि क्षणभर मला शोनाला हाक मारावीशी वाटते.

तिसरी तबकडी निरोगी पेशींची.
तेच औषध, तेवढंच.
त्यांनीही माना टाकल्या होत्या.

वहीत तिन्ही लिहिते.
तिसरीपुढे पेन जरा थांबतं, मग लिहितं.

सहा वाजता दोघी बरोबरच निघतो.
हिलटाउनच्या चढावर शोना तीनदा उभी राहते.
मी तिचं कोपर धरते.
खालून टे नदीवरनं वारा येतो, ओला, खारट,
वाटेल तेवढा घ्यावा असा,
आणि तिला तो पुरत नाही.
‘सोड,’ ती म्हणते, ‘मी काही पडत नाही.’

मी हात सैल करते.
सोडत नाही.