शेऱ्याचा रकाना

जूनमध्ये आकडा उतरत नाही.
एकोणीस वर्षं सूरच्या गल्ल्यांतून मीटर वाचतोय.
दाराच्या कड्या फडक्यानं धराव्या लागतात,
खाडीत ओढून ठेवलेल्या गलबतांचं डांबर पाघळतं,
तेव्हा आकडा चढतो. चढायलाच हवा.

यंदा उतरला.

आधी जुवैना बिन्त खल्फानच्या घरी,
मग शेजारच्या जाळीवाल्या सुवैदकडे,
मग एका रांगेत अकरा घरं.
हातातलं यंत्र दर वेळी टुणकन वाजायचं:
वाचन अपेक्षेपेक्षा कमी. पुन्हा तपासा.

पुन्हा तपासलं. चकती फिरत होती
मशेरी लावत बसलेल्या बाईसारखी,
कुठं जायचंय कुणाला.
आत जुवैना फरशीवर आडवी, मानेवर ओलं फडकं.
फ्रिज तेवढा चालू,
त्यात इन्सुलिन आणि अर्धं कलिंगड.
"मदत निम्मी केली. चाळीस रियाल," ती म्हणाली.
"लिही तिथं, मी चोर नाही."

शेऱ्याच्या रकान्यात नऊ पर्याय आहेत.
घर बंद. कुत्रा मोकळा. काच फुटलेली.
सील तुटलेलं. भाडेकरू बदलला. असेच आणखी.
दहावा नाही.
बोट अधांतरी धरून उभा राहिलो,
मग 'मीटर ठीक' दाबलं
आणि खोटं बोलल्यासारखं वाटलं.

कंपनी येणार, हे आम्हाला चहावाल्याकडून कळलं.
वीज तिची, पाणीही तिचंच,
समुद्र गोड करणारा कारखानासुद्धा,
आणि मीटर असे की वाचायला माणूस नको.
आमच्या खाडीकाठीही आली होती एक.
मी सातवीत. शाळेत पेढे वाटले,
गुरुजींनी शुद्धलेखनात 'प्रगती' दहादा लिहून घेतली.
आईनं मात्र रॉकेलची बाटली टाकली नाही,
कणगीमागं सरकवून ठेवली, असू दे म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी ते कार्यालयासमोर बसले,
चटया अंथरून, घरच्यासारखे.
निवृत्त मास्तर मुबारक, तीन नाखवे,
मदतीच्या यादीतून गळालेल्या बाया.
बिलं सुतळीत ओवून दिव्याच्या खांबांना बांधलेली,
वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांसारखी.
घोषणा दोनच झाल्या, त्याही अडखळत.
मग मुबारक एकेक घर उभं करू लागला
आणि घर आपला आकडा सांगू लागलं.
गेल्या जूनला सहाशे चाळीस. या जूनला दोनशे दहा.

मला ते पाठ होते.
रस्त्याच्या या बाजूला माझे ओठ हलत होते.
अंगात खात्याचं जाकीट,
खिशात रहिवासी कार्ड, मुदत मार्चपर्यंत,
त्यावर नाव: निजामुद्दीन परकार.
शेवटचा र सोडला की उरतो तोच मी.
तिथं जाऊन बसू नको, असं कुणी सांगितलं नव्हतं.
सांगावं लागत नाही.

जुवैनानं मात्र हेरलं.
नातवाच्या हाती दल्ला देऊन रस्ता ओलांडायला लावला.
"अबू अद्दाद," पोरगं म्हणालं,
मीटरचा बाप, हे या गल्लीनं ठेवलेलं नाव,
"आजी म्हणते, कॉफी घे."

पेला चिमणीच्या घोटाएवढा. वेलची पुढं, कडवट मागून.
इकडची रीत अशी:
पुरे झालं की पेला जरासा हलवायचा.
न हलवता पुढं केला तर पोरगं ओततच राहतं
आणि तुम्ही थांबलात, असं धरलं जातं.

एक प्यायलो. दुसरा प्यायलो.
पलीकडे एक म्हातारी आकडा चुकली, एकशे नव्वद म्हणाली.
"एकशे ब्याण्णव," मी म्हणालो.
मनातल्या मनात म्हणायचं होतं.

सगळ्या माना वळल्या.
वरच्या मजल्यावर पडद्याची एक पट्टी
दोन बोटांनी उचललेली.
पोरगं दल्ला तिरका धरून वाट पाहत होतं.

पेला मी तसाच पुढं धरला.