रकाना क्रमांक सात

शाळेतून फॉर्म आलाय, सोमवारी भरून द्यायचा.
सात नंबरला विचारलंय :
मारधाडीच्या गेममुळे पाल्याच्या वागण्यात फरक पडला आहे का?
पुढे दोन चौकोन. हो. नाही.

नाइट करून आलेय. पेन अजून खिशालाच.
आतल्या खोलीत सुमेध कुठल्याशा गच्चीवरून
कुणाला तरी टिपतोय,
"मागून येऊन राह्यला बे, मागून!"
कानावर हेडफोन, म्हणून त्याला वाटतं आपण हळू बोलतोय.

काय लिहू?
दिवाळीत प्राचीनं मोबाइल ओढला
तेव्हा त्यानं तिचा हात पिरगाळला.
मनगटावर चार बोटं उठली होती.
हे लिहायलाच हवं.
आणि हेही, की दोघांना सोडवायला
त्याच्या बाबांनी पट्टा काढला,
ज्यांनी जन्मात कुठला गेम खेळलेला नाही,
पत्त्यांचासुद्धा.

काल संक्रांत.
ड्यूटीला निघाले तेव्हा गच्च्यागच्च्यांवर डीजे,
ओ काट, ओ काट,
आजोबा, वहिनी, डब्यातल्या तिळाच्या वड्या.
कुणाच्या हातात बंदूक नव्हती.
मेडिकलला पोचले, साडी बदलतच होते,
तर सक्करदऱ्याच्या पुलावरून एक पोरगा आणलेला,
एकोणीस-वीसचा. स्कूटीवर होता.
गळ्यात नायलॉनचा मांजा.
मफलरमुळे थोडक्यात, असं डॉक्टर म्हणाले,
आणि मफलर पिळावा लागला.

ज्यानं तो पतंग उडवला
त्याच्या घरी फॉर्म गेला नसेल.
त्यानं नुसती ढील दिली असेल,
पतंग कटल्यावर हळहळला असेल,
जेवला असेल.

सुमेध पाण्यासाठी बाहेर आला.
माझ्या चपलेकडे बघितलं. "हे काय?"
मी सांगितलं. पुलाचं, मफलरचं.
"किती टाके पडले?"
तेवीस.
"वाचला काय तो?"
सकाळी डोळे उघडले होते, म्हटलं.
फ्रिज उघडाच. त्यातला दिवा त्याच्या गुडघ्यांवर.

मग आत गेला. पलंगाखाली काहीतरी घासलं.
चक्री आणून टेबलावर ठेवली, फॉर्मवरच,
गुलाबी, नायलॉनची, निम्मी संपलेली.
मी माझ्याच घरात ती आज पहिल्यांदा बघत होते.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
थोड्या वेळानं आतून परत गोळ्यांचा आवाज,
आधीपेक्षा बारीक.

दोरा बोटाला लावून पाहिला.
टोक शोधतेय केव्हाची.
चक्री फिरते नुसती.