बाण रंगवताना

दोंडाईच्याकडून शिंदखेड्याला येताना
डाव्या हाताला जी काळी टेकडी अर्धीच दिसते,
तिचं उरलेलं अर्धं
रुळांखाली आहे, खडी होऊन, पार सुरतेपर्यंत.

पंचायतीनं मला दिलाय पिवळ्या रंगाचा डबा,
दोन इंची ब्रश
आणि नकाशा : साडेअकरा किलोमीटर.
पायी चालणाऱ्यांसाठी तुटक रेघ, सायकलींसाठी सलग.
दर दोनशे पावलांवर एक बाण.
रोजचे चारशे, सायकल माझीच.

मी म्हटलं, नकाशा राहू द्या.

जुन्या ट्रॉलीची वाट माझ्या टाचांना पाठ आहे.
रूळ कधीच भंगारात गेले,
पण लाकडी स्लीपरांच्या जागा अजून खोलगट,
त्यांवरून जाताना सायकलसकट दात वाजतात,
आणि एकेका खाचेतून एकेक जण वर येतो :
तिमण्णा, हिलाल, लोटन, दुसरा लोटन,
यलव्वा.

यलव्वा माझी आई.
डोक्यावर पाटी, पाठीला मी.
घरात ती वडारी बोलायची, मुकादमाशी अहिराणी,
दगडाशी काहीच नाही.
घण उचलताना फक्त एक 'हं',
तो अजून माझ्या छातीतून निघतो
चढावर पायडल मारताना.

क्रमांक चार. फलकावर लिहिलंय : विश्रांतीस्थळ.
बरं.
इथं बाप तीनदा शिट्टी फुंकायचा,
लाल फडकं हलवायचा,
आणि आम्ही सगळे या कपारीत,
कानांत बोटं, तोंड उघडं.
तोंड मिटलं तर कानाचे पडदे फाटतात.
दुसऱ्या लोटननं एकदा मिटलं.
जमीन आधी हलायची, आवाज मागून यायचा,
धूळ बसेपर्यंत कुणी कुणाला हाक मारायची नाही,
कारण हाकेला ओ आली नाही तर काय करायचं
हे कुणाला ठाऊक नव्हतं.
आता सिमेंटचा बाक येणार आहे.
बसा. वारा छान लागतो.

क्रमांक सहा : तलाव.
तलाव कसला, खड्डा तो. पण पाणी निळं आहे हे खरं,
आणि पाणकावळे आलेत, पंख वाळवत बसतात
जिथं क्रशर होता त्या चौथऱ्यावर.
धुळ्याहून आलेला एक पोरगा हेल्मेट काढून विचारतो,
"कितलं खोल शे, ताई?"
मापाची काठी आमच्याकडे नव्हती कधी.
सतरा वर्षं खोल, मी म्हणते.
तो हसतो, फोटो काढतो,
मग फोन खिशात ठेवून
नुसताच बघत राहतो पाण्याकडे.

एक गोष्ट नकाशात नाही.
फुटलेल्या दगडाच्या पोटात कधीमधी
पांढऱ्या सुयांचा झुबका सापडायचा,
साळिंदराच्या पिल्लासारखा.
मुकादम तो रुमालात बांधून न्यायचा, कुठं ते कळलं नाही.
एक आईनं ओच्यात लपवून आणला,
रात्री चिमणीपुढं धरला,
आणि कुडाच्या भिंतीवर जे काही हललं
त्याला माझ्याकडे आजही शब्द नाही.
सकाळी तिनं तो परत नेऊन एका भेगेत ठेवला.
"त्याचा त्याला," एवढंच.
ती भेग कुठल्या बाणाजवळ आहे
हे मी पंचायतीला सांगणार नाही.
हात घालून पाहिलेलंही नाही.

बाण क्रमांक एकसष्ट जिथं काढायचा
नेमका त्याच दगडावर दुसरा लोटन बसलेला.
उजव्या बाजूनं बोलावं लागतं त्याच्याशी.
"आते कोनले दखाडी ऱ्हायनी वाट?"
"येतीन तेस्ले."
त्यानं जरा विचार केला.
मग दोन्ही पाय वर उचलून धरले, जागा करून दिली,
आणि रंग वाळेपर्यंत
तसेच अधांतरी ठेवले.