अर्धा इंची

तेवीसचा पाना बसत नाही, चोवीसचा घसरतो.
दुर्योधन बेहेरा दोन्ही पाने डेकवर टाकून
गॅसची नळी ओढायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, थांब.

घरी जाऊन पत्र्याच्या ट्रंकेतून
मेस्त कायतानची पिशवी आणली.
मेणकापडात गुंडाळलेले अकरा पाने, बारावा जुवारीच्या तळाशी.
प्रत्येकावर कोरलेला अपूर्णांक आणि एक डब्ल्यू.
व्हिटवर्थ, कायतान म्हणायचा,
जसं कोणी आपल्या सोयऱ्याचं नाव घ्यावं.
अर्धा इंची लावला.
नट असा बसला, जणू कालच कोणी सोडून गेला होता.

चिखलीच्या ह्या यार्डात बार्जी येतात, ट्रॉलर येतात,
गस्तीची बोट तोडायला पहिल्यांदाच आली.
मागच्या बल्कहेडवर पितळी पाटी:
विलायतेतल्या कुठल्याशा नदीकाठचं गाव,
बांधणाऱ्याचं नाव अर्धं झिजलेलं,
यार्ड नंबर अकराशे सत्तेचाळीस.
पाटी पात्रांवने आधीच वजन करून ठेवली आहे.
दोन किलो तीनशे.

चार्टरूमचं सागवानी पॅनल उचकटलं
तर मागच्या बाजूला पेन्सिल.
वजाबाकी.
चौदा फूट तीन इंचांतून
नऊ फूट साडेसात.
आधी साडेपाच लिहिलंय, मग त्यावर काट, मग साडेसात.
मला हसू आलं.
बारा उसने घ्यायचे, तर त्याने दहा घेतले!
आम्ही मीटरवर वाढलेली माणसं,
आमचं चुकतं ते ठीक,
पण इंचांत जन्मलेला तू,
तुझा कोण मुकादम मागे उभा होता त्या दिवशी?
की थंडी होती आणि बोटं वळत नव्हती?
खाली नाव नाही. फक्त एक गोल डाग,
कपाचा असावा.

आमचं घर खारीवाड्यात, पाण्याला पाठ करून.
अमावास्येच्या मागच्यापुढच्या रात्री
बाबा होडी काढायचे, जाळं घरीच असायचं.
आई विचारायची नाही. तांदूळ निवडत बसायची.
एकदा भिंतीवर उजेड आला,
कॅलेंडरवर थांबला, माझ्या दप्तरावर थांबला,
आईच्या सुपात उतरला.
तिने एक खडा उचलला आणि बाजूला ठेवला.
पहाटे बाबा ओले आले, होडीशिवाय.
त्यानंतर ते बंदरात खनिज उपसायला लागले
आणि एवढंच म्हणायचे, कधीतरी, उगाच:
विलायती इंजिन. आवाज मागून येतो. उजेड आधी.

तो उजेड हिचा, की हिच्या बहिणींपैकी एकीचा?
सारख्या तीन होत्या म्हणतात.
सर्चलाइटची काच आज माझ्या मांडीवर आहे,
ताटाएवढी, एका कडेला टवका उडालेली.
तिच्यातून पाहिलं तर
दुर्योधन उलटा दिसतो, डोक्यावर चालणारा,
हातात चहा, एक थेंब सांडत नाही.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस नट निघाले.
बेचाळिसावा गंजून एकजीव झालेला,
तो गॅसनेच गेला. माझा नाइलाज होता.
पॅनल पोरांनी भाताच्या चुलीत घातलं.
मी बोललो नाही; सागवान कोरडं होतं,
पावणेसहाच्या आत भात शिजला.

"हे पाने विकणार?" दुर्योधनने विचारलं.
"पोलाद चांगलं आहे. किलोवर देऊ नका."
मी एकेक पुसत होतो, तेल लावत होतो.
आता ह्यांना बसेल असं
ह्या अख्ख्या खाडीत काही उरलं नाही,
हे त्यालाही कळत होतं.
तेवढ्यात भरती लागली.
तिची वाट पाहत असल्यासारखी बोट उचलली गेली,
कालच्यापेक्षा वीतभर जास्त.
किती टन कमी झाले, मी मनात मांडायला लागलो,
आणि दहा उसने घेतले.