ठळक आकडा

अशोक चौकातल्या लॅबच्या कागदावर
एकच आकडा ठळक छापलाय :
एसजीपीटी, एकशे बारा.
बाकीचे मुकाट रांगेत.

पिता? विचारतात डॉक्टर कलशेट्टीबाई.
नाही.
कावीळ झालेली?
नाही.
गुडघ्यासाठी कसली पुडी वगैरे?
पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.
गठ्ठे उचलता?
एकतीस वर्षं.

सोनोग्राफी स्वच्छ. बी नाही, सी नाही.
"पुडी बंद. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त."
म्हणजे झालंय काय?
"अजून माहीत नाही," म्हणाल्या
आणि चष्मा पुसत बसल्या.

घरी अंबुजा कडक भाकरी मोडता मोडता
माझ्या डोळ्यांत पिवळं शोधते.
मेहुणा गालात हसतो : भावजी, खरं सांगा की.

मी चादरी तपासतो, एमआयडीसीत.
ट्यूबलाइटखाली उलटी बाजू पसरायची,
तुटका धागा डोळ्याआधी बोटाला कळतो.
कधी माग ठीक, सूत ठीक,
तरी मोराच्या मानेत चूक.
यल्लप्पाला विचारलं तर तो वर पंख्याकडे बघतो.
असली चादर मी लगेच सेकंडात टाकत नाही.
खडूनं गोल करतो,
पुढचीतही तिथंच चुकतंय का, बघतो.

आज दिवसभर हात
उजव्या बरगडीखाली जात राहिला.
बोटाला
काही कळलं नाही.